बुधवारच्या पोळ्या

39 वर्षे मी एका कचेरीत हिशेबनीस होतो. ताळेबंदात चार आण्यांचा फरक राहिला तर तो सापडेपर्यंत खुर्चीवरून उठावयाचे नाही, असा माझा तिथला लौकिक. परंतु घरात त्या लौकिकाला कुणी विचारीत नाही. घरचा हिशेब आमच्या सौ.कडे आहे आणि तो तिने गेली कित्येक वर्षे स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर ठेवलेला आहे. दुधाचे लिटर निळ्या पेन्सिलीने, वर्तमानपत्राची दांडी काळ्या फुलीने, आणि पोळ्यांच्या बाईंचा खाडा तांबड्या गोलाने. महिनाअखेर ती गोल मोजावयाची, पैसे द्यावयाची आणि पान उलटावयाची. या पद्धतीत कधी तंटा झाल्याचे मला आठवत नाही.

तंटा झाला तो आमच्या घरात सुधारणा शिरली तेव्हा.

माझी पुतणी पुण्याला संगणकशास्त्र शिकते. 2024 च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत ती आमच्याकडे राहावयास आली होती. दिनदर्शिकेवरचे ते रंगीत गोल पाहून तिला हसू आले. म्हणाली, "काकू, हे सगळं मी तुम्हांला फोनवर करून देते. नुसतं बोट लावायचं. बेरीज तोच करील."

आणि तिने खरोखरच चार दिवसांत एक ॲप बनवून सौ.च्या फोनवर घालून दिले. बाई दारात आल्या की हिरव्या चौकोनावर बोट दाबावयाचे. दूध आले की लिटर टाकावयाचे. महिना संपला की फोन एका ओळीत सांगणार: हजेरी इतकी, खाडे इतके. 1 जुलै 2024 पासून आमच्या घरात हा नवा कारभार सुरू झाला. दिनदर्शिका खिळ्यावर राहिली, पण केवळ एकादशी-चतुर्थी पाहण्यापुरती.

ऑगस्टच्या 5 तारखेला पगार देताना सौ.ने फोन पाहिला. त्यात लिहिले होते: हजेरी 25, खाडे 6.

"बाई, सहा खाडे झाले हो या महिन्यात," सौ. म्हणाली.

बाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "नाही वहिनी, दोनच झाले. एक एकादशीचा अन् एक माझ्या आईला बघायला गेले तो. बाकी मी रोज आलेय."

"अहो, पण इथे नोंद आहे ना! रोज तुमच्यासमोरच तर दाबते मी."

बाई फोनकडे पाहत राहिल्या. आमच्याकडे महिन्याला दोन खाडे माफ असतात. पगार 2100 रुपये, म्हणजे दिवसाला 70. चार दिवसांचे 280 रुपये सौ.ने कापले. ती कठोर नाही. सणासुदीला साडी, मुलांच्या वह्या-पुस्तकांना पैसे, हे सारे ती न मागता करते. पण त्या दिवशी ती मला म्हणाली, "पैशांचं नाही हो. खोटं बोलल्या याचं वाईट वाटतं. यंत्राला काय त्यांच्याशी वैर आहे?"

मी भीतभीत विचारले, "पण त्या चार दिवशी पोळ्या कुणी केल्या होत्या मग?"

"मीच केल्या असतील. माझ्या नशिबी दुसरं काय आहे?"

या उत्तरापुढे माझ्यासारख्याने काय बोलावे? मी वर्तमानपत्र वर केले.

बाईंनी पैसे मोजले, पदराच्या टोकाला बांधले आणि काही न बोलता गेल्या. दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांच्या शेजारणीकडून निरोप आला की, त्यांना दुसरे काम मिळाले आहे. नऊ वर्षांचा ऋणानुबंध असा एका आकड्यावर तुटला.

पुढचे दोन आठवडे आमच्या घरी पोळ्यांऐवजी ज्या वस्तू पानात पडल्या त्यांचे वर्णन मी करीत नाही. सूनबाई पहाटेच्या लोकलने कामाला जाते, तिचा डबा पावावर भागू लागला. पण पावाचा घास घेताना माझ्या मनात एकच गोष्ट घोळे. नऊ वर्षांत ज्या बाईने कधी एक वाटी साखर विचारल्यावाचून नेली नाही, ती चार दिवसांसाठी खोटे का बोलेल? आणि खोटेच बोलावयाचे तर एकादशीचा खाडा आपण होऊन का सांगेल? कचेरीत असता मी अशा वेळी एकच गोष्ट केली असती. बेरीज बाजूला ठेवून मूळ रोजकीर्द मागवली असती.

19 ऑगस्टला राखीपौर्णिमा होती. पुतणी माझ्या मुलाला राखी बांधावयास आली. जेवणे झाल्यावर मी तिला बाजूला घेतले.

"पोरी, तुझ्या ॲपची खतावणी मी पाहिली. मला रोजकीर्द बघायची आहे."

ती हसली. "काका, म्हणजे डेटाबेस!"

वाचकहो, डेटाबेस हा शब्द आपण बँकेत, रेल्वेच्या खिडकीवर, वीजबिलाच्या रांगेत ऐकलेला असतो. एखाद्या थंडगार खोलीत भलीमोठी कपाटे गुरगुरत आहेत असे काहीतरी चित्र माझ्या डोळ्यांपुढे होते. प्रत्यक्षात तो सौ.च्या फोनमध्ये, तिच्या पर्समध्ये, वेलदोड्यांच्या डबीशेजारी नांदत होता. फोनमधली पुष्कळशी ॲपे आपली टिपणे अशाच एका लहानशा डेटाबेसात ठेवतात आणि त्याचे नाव बहुधा एकच असते: एसक्यूलाइट.

या एसक्यूलाइटची जन्मकथा मोठी मौजेची आहे. रिचर्ड हिप नावाचे एक अमेरिकन गृहस्थ 2000 साली तिथल्या आरमाराच्या एका विनाशिकेसाठी लागणाऱ्या कार्यक्रमावर काम करीत होते. माहिती ज्या मोठ्या डेटाबेसातून यावयाची, तो मधूनच बंद पडे आणि दोष मात्र यांच्या कार्यक्रमाच्या माथी येई. तेव्हा त्यांनी विचार केला, मधला हा कारकून हवाच कशाला? माहिती एका साध्या फाइलीत ठेवावी आणि कार्यक्रमाने ती स्वतःच वाचावी, स्वतःच लिहावी. त्यातून हे साधन निघाले. त्यांनी त्यावरचा आपला हक्कही सोडून दिला. परवान्याच्या कलमांच्या जागी त्यांनी वाचणाऱ्याचे भले चिंतणाऱ्या दोनतीन ओळी घातल्या आहेत. आज हे साधन अँड्रॉइडच्या फोनांत आहे, आयफोनांत आहे, संगणकावरच्या न्याहाळकांतही आहे. युद्धनौकेसाठी निघालेली वस्तू आमच्या पोळ्यांचा हिशेब ठेवीत होती, हे ऐकून मला उगाचच अभिमान वाटला.

"मग उघड की फोनवरच," मी म्हटले.

"फोनवर नाही उघडत, काका. चाळीत कसं, एक जिना असतो पण प्रत्येक बिऱ्हाडाला आपापलं कुलूप असतं. तसं फोनमध्ये प्रत्येक ॲपला आपली खोली असते. एका ॲपला दुसऱ्याच्या खोलीत डोकावता येत नाही. तुम्हांलाही नाही."

"मग तुला कसं येईल?"

"कारण हे ॲप मी बनवलंय. बनवताना तपासणीसाठी एक किल्ली ठेवतात, ती अजून काढलेली नाही. बाजारातून घेतलेल्या ॲपांत ती किल्ली नसते. तुमच्या बँकेच्या ॲपात मी शिरू शकत नाही, आणि शिरता येऊही नये."

हे ऐकून मला बरेच हायसे वाटले.

आमच्याकडे मुलाने घेतलेला एक टेबलावरचा संगणक आहे. त्यावर एरवी मी पत्ते खेळतो. पुतणीने सौ.चा फोन मागून घेतला, सेटिंग्जमध्ये शिरून 'बिल्ड नंबर' या ओळीवर सात वेळा बोट मारले, आणि फोनने जाहीर केले की सौ. आता 'डेव्हलपर' झाली आहे! सौ. म्हणाली, "मला विचारायचं तरी!" मग 'यूएसबी डिबगिंग' नावाचे बटण चालू केले आणि चार्जिंगच्या वायरीने फोन संगणकाला जोडला. फोनने विचारले, या संगणकावर विश्वास ठेवू का? होय म्हटल्यावरच पुढचे दार उघडले.

संगणकाच्या बाजूने जो निरोप्या लागतो त्याचे नाव 'अँड्रॉइड डिबग ब्रिज', लाडाने एडीबी. संगणकावरून हुकूम टंकावयाचा, एडीबीने तो वायरीतून फोनला सांगावयाचा आणि उत्तर घेऊन यावयाचे. एका काळ्या खिडकीत पुतणीने एक ओळ टंकली. हिशेबाच्या ॲपच्या नावाने त्याच्या खोलीत शिर आणि तिथली डेटाबेसची फाइल इकडे उतरवून दे, असा तिचा अर्थ. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच फाइल आमच्या टेबलावर हजर.

मला राहवले नाही. मी ती नोटपॅडमध्ये उघडली. सगळी किडामुंगी! पहिल्या ओळीत तेवढे 'एसक्यूलाइट फॉरमॅट 3' असे इंग्रजीत वाचता आले.

"काका, वही उघडायची तर चष्मा हवा," असे म्हणून पुतणीने 'डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट' नावाचा फुकट मिळणारा कार्यक्रम संगणकावर बसवला आणि तीच फाइल त्यात उघडली. आणि काय सांगू? पडद्यावर उभ्याआडव्या रेघा मारलेली खरीखुरी रोजकीर्द उभी राहिली!

दोन तक्ते होते. एक 'माणसे' नावाचा. त्यात तीनच ओळी: 1 दूध, 2 वर्तमानपत्र, 3 पोळ्यांच्या बाई. दुसरा 'नोंदी' नावाचा. त्यात नाव कुठेच नाही, नुसता खातेक्रमांक. 3 म्हणजे बाई. रोज नाव लिहीत बसण्यापेक्षा क्रमांक टाकावा आणि नाव एकाच ठिकाणी ठेवावे, ही युक्ती आमच्या कचेरीत मी नोकरीला लागलो तेव्हाही होती. मला अगदी घरी आल्यासारखे वाटू लागले.

पण खाली सरकत गेलो तो काय! 20 जुलैनंतर पाने कोरी.

माझ्या छातीत धस्स झाले. "अगं, पुढच्या नोंदी कुठे गेल्या? की काकूंनी दाबायचंच सोडलं होतं?"

सौ. स्वयंपाकघरातून कडाडली, "मी रोज दाबत होते!"

पुतणीने जीभ चावली. "चुकले मी. घाईत एकच फाइल उतरवली. त्याच नावाच्या आणखी दोन फायली असतात."

हा प्रकार नीट समजून घेण्यासारखा आहे. एसक्यूलाइटची एक पद्धत अशी की, आलेली नोंद लगोलग मुख्य वहीत लिहावयाची नाही. ती आधी शेजारच्या एका कच्च्या वहीत टिपावयाची आणि काही पाने साचली म्हणजे पक्क्या वहीत उतरवून घ्यावयाची. लिहिता लिहिता फोन बंद पडला तरी पक्की वही बिघडत नाही, आणि एक जण लिहीत असता दुसऱ्याला वाचताही येते. 2010 पासून एसक्यूलाइटमध्ये ही सोय आहे. कच्च्या वहीच्या फाइलीच्या नावाला 'वॉल' असे शेपूट असते, आणि तिसरी फाइल ही त्या कच्च्या वहीची अनुक्रमणिका. आमच्याकडे रोजच्या नोंदी इतक्या थोड्या की, कच्ची वही भरून पक्कीत उतरावयास कित्येक दिवस लागत. पक्की वही तेवढी उचलून आणली की ताज्या नोंदी मागे राहिल्याच! तिन्ही फायली बरोबर आणून एकाच जागी ठेवल्या आणि पुन्हा उघडले, तो ऑगस्टपर्यंतच्या साऱ्या नोंदी जागच्या जागी.

आता बाईंच्या खात्यातल्या जुलैच्या ओळी मोजावयाच्या. पुतणीने एका चौकटीत इंग्रजीत प्रश्न लिहिला. नोंदी नावाच्या तक्त्यातून खाते 3 असलेल्या जुलैच्या ओळी किती? या प्रश्नांच्या भाषेला एसक्यूएल म्हणतात. व्याकरण इतके सुटसुटीत की, तासाभरात मलाही चार प्रश्न विचारता येऊ लागले.

उत्तर आले: 29.

मी खुर्चीत ताठ बसलो. जुलैचे दिवस 31. त्यांतून 29 वजा केले म्हणजे खाडे दोन. बाईंनी सांगितले होते तेवढेच.

"मग फोन सहा का म्हणतो?"

पुतणीचा चेहरा उतरला. तिने ॲपमध्ये जो प्रश्न घातला होता तोच इथे टंकला. तिने ओळी मोजल्या नव्हत्या, वेगवेगळे दिवस मोजले होते. चुकून दोनदा बोट लागले तर दोन हजेऱ्या होऊ नयेत म्हणून. विचार अगदी योग्य. पण उत्तर आले 25.

म्हणजे 29 नोंदी आणि दिवस मात्र 25! चार दिवस कुठेतरी दुसऱ्या दिवसांच्या पोटात गेले होते.

आम्ही वेळेचा रकाना पाहू लागलो. त्यात तारीख नव्हतीच. तेरा आकडी संख्या होत्या. एक मी कागदावर उतरून घेतली: 1719963734218. पुतणीने सांगितले, यंत्रे वेळ अशीच लिहितात. 1 जानेवारी 1970 ला ग्रीनिचच्या घड्याळात मध्यरात्र झाली, त्या क्षणापासून किती वेळ लोटला ते सेकंदाच्या हजाराव्या भागांत. शेवटचे तीन आकडे सोडले की राहिले ते सेकंद. मग तारीख हवी तेव्हा या संख्येवरून काढावयाची.

"मग काढ की या नोंदीची."

तिने काढली. 2 जुलै 2024, रात्रीचे 11 वाजून 42 मिनिटे.

"रात्री पावणेबाराला आपल्याकडे पोळ्या करायला कोण येईल?" मी विचारले.

पुतणीने दोन्ही हातांनी डोके धरले. "काका, ही ग्रीनिचची वेळ आहे. आपली घड्याळं साडेपाच तास पुढे. ही नोंद 3 जुलैच्या पहाटे 5 वाजून 12 मिनिटांची!"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आपली प्रमाणवेळ 1906 सालापासून ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे आहे. मुंबईने तर त्यानंतरही कित्येक वर्षे आपली 39 मिनिटे मागची जुनी वेळ सोडली नव्हती, हे थोरल्या मंडळींकडून ऐकलेले. पण घड्याळाच्या त्या वादाची झळ कधी आपल्या स्वयंपाकघराला लागेल, असे स्वप्नातही आले नव्हते. एसक्यूलाइटला नुसती तारीख विचारली तर तो ग्रीनिचची तारीख सांगतो. आपली हवी असेल तर प्रश्नात 'लोकलटाइम' असा एक शब्द घालावा लागतो. तो शब्द राहून गेला होता. त्यामुळे आमच्या घरी पहाटे साडेपाचच्या आत जे जे घडे, ते ते फोनच्या हिशेबी आदल्या दिवशी घडलेले असे!

बाई एरवी पावणेसहाला येतात. ग्रीनिचला तेव्हा नुकतीच मध्यरात्र उलटलेली असते, तारीख तीच राहते. पण साडेपाचच्या आत आल्या की ती हजेरी आदल्या दिवसात जाऊन पडे. आदल्या दिवसाची एक नोंद आधीच असे, म्हणून ती मोजली जात नसे. आणि खऱ्या दिवसापुढे कोरे राही. दुधात ही चूक कधी दिसली नाही, कारण दूध लिटरवर मोजले जाते, दिवसांवर नाही.

पुतणीने तो शब्द घालून प्रश्न पुन्हा विचारला. दिवस 29. मग गिळलेल्या दिवसांची यादी काढली. जुलैच्या 3, 10, 24 आणि 31 तारखा.

मी खिळ्यावरची दिनदर्शिका काढून आणली. चारही दिवस बुधवार. मधला 17 तारखेचा बुधवार तेवढा नव्हता. त्या दिवशी आषाढी एकादशी होती, आणि तो खाडा बाईंनी आपल्या तोंडानेच सांगितला होता.

सौ. केव्हा मागे येऊन उभी राहिली होती ते आम्हांला कळलेच नाही. ती हलक्या आवाजात म्हणाली, "बुधवारी बाजार असतो."

बुधवारी जवळच्या गावी आठवड्याचा बाजार भरतो. बाईंचे यजमान तिथे भाजी विकतात. त्यांना माल लावून द्यावयास सहाच्या आत निघावे लागते. म्हणून त्या दिवशी बाई अंधारातच आमच्याकडे येत, पोळ्या उरकत आणि धावत परत जात. पहाटे दार उघडावयाचे म्हणून सौ. कुरकुरेही. त्या खाडा करू शकल्या असत्या, पण सूनबाईचा डबा चुकू नये म्हणून त्या लवकर आल्या. आणि ज्या दिवशी त्या सगळ्यांत लवकर आल्या, नेमके तेच दिवस आम्ही कापले होते.

थोडा वेळ कुणीच बोलले नाही. मग मी, हिशेबनिसाच्या जुन्या खोडीने, म्हटले, "या चार नोंदींची वेळ आपण सहा करून टाकू. म्हणजे फोनमधली बेरीजही जुळेल." डीबी ब्राउझरमध्ये ते अगदी सोपे असते. रकान्यावर दोनदा टिचकी मारावयाची आणि नवा आकडा टाकावयाचा.

पुतणी माझ्याकडे पाहू लागली. "काका, तुम्ही हे म्हणता? नोंद खरी आहे. बेरीज चुकलीय. खरी नोंद खोडून बेरीज जुळवायची?"

मी खरोखरच वरमलो. 39 वर्षे हाताखालच्या पोरांना मीच हे सांगत आलो होतो.

तरी हौस म्हणून तिने मला उतरवून घेतलेल्या प्रतीवर हात चालवू दिला. मूळ वहीवर कधी प्रयोग करावयाचा नाही, आधी प्रत काढावयाची, हा पहिला नियम. मी ऐटीत 'अपडेट'चा हुकूम लिहिला. पण कोणत्या ओळी बदलावयाच्या हे सांगणारा 'व्हेअर'चा भाग लिहावयास विसरलो. परिणाम असा की, बाई, दूध आणि वर्तमानपत्र यांच्या झाडून साऱ्या नोंदी एकाच क्षणाच्या झाल्या! मला दरदरून घाम फुटला. सुदैवाने हा कार्यक्रम 'बदल लिहा' असे सांगितल्याशिवाय फाइलीला हात लावीत नाही. 'बदल रद्द' दाबले आणि वही पूर्ववत झाली. तेव्हा दुसरा नियम असा की, बदलण्याआधी त्याच अटीवर नुसता 'सिलेक्ट' करून पाहावे. हव्या त्याच ओळी पडद्यावर आल्या, तरच पुढे जावे.

दुरुस्ती झाली ती ॲपमध्ये. पुतणीने तो एक शब्द घालून नवी आवृत्ती फोनवर चढवली. जुन्या नोंदी जशाच्या तशा राहिल्या आणि जुलैचा हिशेब आपोआप बोलू लागला: हजेरी 29, खाडे 2. फोन न सोडवता चालू ॲपच्याच नोंदी पाहण्याचीही सोय असते. ॲपे बनविण्याचा अँड्रॉइड स्टुडिओ नावाचा जो कारखाना आहे, त्यात 2020 पासून डेटाबेस पाहण्याची खिडकीच आहे. शेवटी तिने वायर काढली आणि ते डिबगिंगचे बटण आठवणीने बंद केले. दार उघडून काम झाल्यावर कडी लावावयाची, हे फोनलाही लागू आहे. आणखी एक गोष्ट तिने सांगितली ती घरोघरी लक्षात ठेवण्यासारखी आहे. डेटाबेसातली नोंद पुसली म्हणजे ती तत्काळ नाहीशी होतेच असे नाही. पुष्कळदा नुसती जागा मोकळी म्हणून मांडली जाते आणि जुनी अक्षरे तिथेच पडून राहतात. म्हणून जुना फोन विकताना नुसत्या पुसण्यावर भिस्त ठेवू नये, फोन मुळापासून साफ करून मगच द्यावा.

त्याच संध्याकाळी सौ.ने चपला घातल्या. मी म्हटले, "मी जाऊन येतो." ती म्हणाली, "कापले मी, द्यायलाही मीच जायला हवं." शेवटी दोघेही गेलो.

बाईंच्या दारात उभे राहून सौ.ने सगळे सांगितले. ग्रीनिच वगैरे तिने गाळले. "बाई, चूक आमच्या फोनची होती. तुम्ही बुधवारी लवकर आलात ते त्याला कळलं नाही. आणि फोनचं ऐकून मी तुमचं ऐकलं नाही, ती चूक माझी." असे म्हणून तिने 280 रुपये पुढे केले.

बाईंनी ते मोजून घेतले. "मी म्हटलं होतं वहिनी तुम्हांला," एवढेच त्या म्हणाल्या. मग आत जाऊन चहा टाकला. चहा होईस्तोवर कामाचा विषय कुणी काढला नाही. आम्हीही काढला नाही.

गणपती उठल्यावर त्या आपण होऊन आल्या. नव्या घरी अंतर फार पडते, म्हणाल्या. पण एक अट घातली. हजेरी दिनदर्शिकेवर लागली पाहिजे, आणि ती त्या स्वतः लावतील. सौ.ने लगेच निळी पेन्सिल दोऱ्याने खिळ्याला बांधून टाकली.

तेव्हापासून आमच्या घरी दोन वह्या आहेत. बाई आल्या की दिनदर्शिकेवर एक रेघ ओढतात आणि सौ. फोनवर बोट दाबते. महिनाअखेर मी दोन्ही ताडून पाहतो. निवृत्तीनंतर मला मिळालेले हे एकमेव मानाचे काम. लक्ष्मीपूजनाला मी माझी जुनी हिशेबाची वही पाटावर ठेवतो. 2024 च्या दिवाळीत सौ.ने तिच्याशेजारी दिनदर्शिका ठेवली, आणि थोडा विचार करून फोनही ठेवला. हळदकुंकू मात्र दिनदर्शिकेलाच लावले. फोनला लागले तर बिघडेल, असे कारण तिने सांगितले.

पुढे एका महिन्यात दोन्ही हिशेबांत एका दिवसाचा फरक आला. मी उत्साहाने वायर शोधू लागलो. सौ.ने मला थांबवले.

"आधी बाईंना विचारू," ती म्हणाली, "मग फोन बघा."